जॅकवर आवळलेला दांडा

मोटारींचे भाग अजून आपसात बोलत असत, त्या काळची गोष्ट. निळकंठरावांनी जुनी मोटार अंगणातच जॅकवर चढवली आणि ती डुलू नये म्हणून तिच्या सांगाड्याखाली नवा पोलादी दांडा लावायला घेतला.

"चाकं लोंबकळताना माझं अंग पिळलेलं असतं," सांगाडा दांड्याला म्हणाला. "मी जमिनीवर उभा राहीपर्यंत नट आवळू देऊ नकोस."

"मी ढिला राहणाऱ्यांतला नाही," दांडा म्हणाला. नट आवळले गेले.

जॅक निघाला, पण दांड्याने जखडलेला सांगाड्याचा पीळ तसाच राहिला. गाडी आता डुलत नाही म्हणून निळकंठराव खुशीत वेग वाढवू लागले. महिन्याभरात एका खड्ड्यात सांगाडा नटापाशीच फाटला. निळकंठरावही त्यातून उठले नाहीत.

भंगारात दांडा अजून सांगतो, "मी तसूभर वाकलो नाही." त्याच्या दोन्ही टोकांना सांगाड्याचे फाटके तुकडे घट्ट आवळलेले आहेत.