पावसाळ्यात पाहिलेले घर

पूर्वी शूर्पारक नगरात एक धर्मशील राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका व्यापाऱ्याच्या कुळात जन्मास आला होता. त्याचे नाव सुतीर. पुनर्वसू हा त्याचा बालमित्र. दोघांची घरे एका गल्लीत आणि दोघांचा माल एका गलबतात. पाऊस सरला की ते समुद्रापलीकडच्या कुसुमद्वीपाला जात आणि वैशाखात, समुद्र खवळण्याआधी, परत येत. आल्यावर नफ्यातला एक वाटा कोष्ट्यांच्या श्रेणीत, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघात, ठेव म्हणून ठेवीत. श्रेणी त्यातून सूत घेई, कापड विणी आणि वर्षाकाठी व्याज मुद्दलात घाली. केस पिकेपर्यंत ठेव मोडायची नाही, आणि मोडली तर सगळे व्याज श्रेणीचे, असा नियम होता.

पुनर्वसूला हे फार संथ वाटे. "झाड लावायचं आणि सावलीची वाट बघत उन्हात बसायचं," तो म्हणे.

"उन्हात कशाला? आपण गलबतावर असतो की," सुतीर म्हणे.

एका वर्षी कुसुमद्वीपावर चित्तल नावाच्या दलालाने पुनर्वसूला नदीच्या मुखाशी एक घर दाखवले. घर पांढरेशुभ्र, आत चौक, मागे माडांची रांग. शूर्पारकात तेवढ्या पैशात धड गोठाही मिळाला नसता. पुनर्वसू ओसरीवर टेकला, पाण्यावरून गार वारा आला, आणि आपले म्हातारपण याच ओसरीवर जाणार हे त्याने मनाशी ठरवून टाकले. बोटातली अंगठी काढून त्याने चित्तलला विसार दिला. पुढच्या खेपेला ठेव मोडून बाकीचे पैसे आणायचे होते.

"पावसाआधी शाकारणी कोण करणार?" सुतीरने विचारले.

"माणूस ठेवू."

"आणि त्या माणसावर लक्ष?"

"सुतीरा, तू म्हणजे शुभकार्यात शिंकणारा!"

सुतीर नुसता हसला. पण परतीच्या दिवशी तो गलबतावर चढलाच नाही. "माझा माल तू घेऊन जा," तो म्हणाला. "मी हा पावसाळा इथं काढतो. मी येईपर्यंत ठेवीला हात लावू नकोस, एवढंच मागतो."

पुनर्वसूने शब्द दिला. घरी पोचेपर्यंत मात्र त्याच्या मनात किडा वळवळू लागला होता. त्याची बायको सिवदत्ता हिने रिकामे बोट पाहिले आणि सगळे विचारून घेतले.

"त्याला ते घर स्वतःला हवंय," पाऊस सुरू झाल्यावर एके रात्री पुनर्वसू म्हणाला. "नाहीतर परमुलखात भिजायला कोण राहतं?"

"मित्र धंदा सोडून तिकडे भिजतोय, आणि तुम्ही इथं कोरड्यात बसून त्याच्यावर संशय घेता?"

"कोरड्यात कसलं? माडी चार ठिकाणी ठिबकतेय."

"तेच म्हणते मी. हाताशी असलेलं घर गळतंय, आणि निघालात समुद्रापलीकडचं घ्यायला!"

पावसाळाभर त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. आश्विनात आभाळ उघडले तसा धीर सुटला. दिलेला शब्द बाजूला सारून तो ठेव मोडायला श्रेणीच्या सभेत जाऊन बसला. वृद्ध श्रेणीप्रमुख पुन्हा पुन्हा विचारत होता, "नक्की ना?" इतक्यात बंदरात पहिले गलबत लागल्याची हाळी आली, आणि थोड्या वेळाने सुतीर दारात उभा राहिला. तापाने पिवळा पडलेला, गालफडे बसलेली. आधी तर पुनर्वसूने त्याला ओळखलेच नाही.

सुतीरने कमरेची पुरचुंडी सोडली. तीत मूठभर शिंपले होते आणि एक अंगठी.

"हे शिंपले तुझ्या त्या घराचे," तो म्हणाला. "खिडकीच्या वर, भिंतीतून खरवडून काढले. मी ते घर भाड्यानं घेतलं होतं. श्रावणात नदी आत आली. महिनाभर माळ्यावर राहिलो, मीठ आणायचं तरी होडीला पैसे. पाणी ओसरलं की सगळी आळी चुना लावायला लागते. चुन्याखाली चिखल आणि चिखलाखाली मागच्या वर्षीचा चुना. त्यावर राखणदाराचा पगार, आणि परक्याचं घर बंद राहिलं म्हणून राजाचा वेगळा कर. चित्तलनं सांगितली ती फक्त पहिली किंमत. बाकीची पाऊस सांगतो, दर वर्षी."

"म्हणजे त्यानं फसवलं!"

"मीही त्याला तेच म्हणालो. तो म्हणाला, वारा फिरला की तुम्ही लोक निघून जाता. पावसाचं मला आजवर कुणी विचारलंच नाही."

एक गोष्ट सुतीरने सांगितली नाही. ती मागाहून, ज्या गलबतातून तो परतला त्याच्या तांडेलाकडून कळली, कारण तांडेल त्या बोलण्याला हजर होता. चित्तल म्हणाला होता, "तू गप्प राहा, उंचावरचं एक कोरडं घर तुला फुकट देतो. तुझ्या गावचे लोक तुझ्याकडे बघून घरं घेतील." त्यावर सुतीर एवढेच बोलला, "मग त्या घराच्या प्रत्येक भिंतीत मला माझ्या माणसांचे पैसे दिसतील." दुसऱ्या दिवशी चित्तल स्वतः येऊन अंगठी देऊन गेला.

पुनर्वसूने अंगठी बोटात घातली. श्रेणीप्रमुखाने पुन्हा विचारले, "मग? मोडायची ना?"

"केस पिकू देत," पुनर्वसू म्हणाला.

केस पिकले. तोवर ठेव इतकी वाढली होती की दोन्ही घरे सुखाने चालली आणि वर बंदरावर खलाशांसाठी एक धर्मशाळा उभी राहिली. तिच्या ओसरीवर पुनर्वसू म्हातारपणी बसे. कुणी तरुण व्यापारी परमुलखातल्या घराचे गुण गाऊ लागला की तो सगळे ऐकून घेई आणि मग विचारी, "बाळा, कोणत्या महिन्यात पाहिलंस?"

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवन विहारात सांगितली, तेव्हा दलालाचे नाव निघताच भिक्षूंच्या नजरा, अशा कथांत नेहमी दुष्ट ठरणाऱ्या देवदत्ताच्या रिकाम्या आसनाकडे वळल्या. शास्ते म्हणाले, "नाही, भिक्षूंनो, देवदत्त त्या जन्मी तिथे नव्हता. चित्तल म्हणजे दाराशी पाणी गाळत बसलेला तो वृद्ध भिक्षू. या जन्मी तो विचारलेल्याबरोबर न विचारलेलेही सांगतो, म्हणून तुम्ही त्याला बडबड्या म्हणता. पुनर्वसू म्हणजे आजचा हा भिक्षू आनंद, सिवदत्ता म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी खेमा थेरी, आणि तो पावसाळा माळ्यावर काढणारा सुतीर मी होतो. ऋतू पालटेपर्यंत जो दुसऱ्यासाठी थांबू शकतो, त्याने क्षांती पारमिता, म्हणजे सहनशीलतेची पूर्णता, जोडली असे समजा."