तोफखान्याची भूल

साताऱ्यात तोफखान्यातल्या निवृत्त सैनिकांची जुनी तीनमजली इमारत होती. दुरुस्ती मंजूर झाली आणि इंजिनिअर साखळकर पाहणीला आले. तिसऱ्या मजल्यावर पोचताच छातीवर हात ठेवून म्हणाले, "गेल्याच वर्षी बायपास झाली, तरी लिफ्टशिवाय चढलो." मग हुकूम सोडला, "वर्षभरासाठी सगळ्यांनी इमारत रिकामी करा. आत माणसं असताना दुरुस्ती होत नसते."

राहणारे सगळे भोवती जमले होते. ऐंशीच्या घरातली माणसं, वर्षभराने किती परततील कोणाला ठाऊक.

त्यांच्यातल्या हवालदार गुणाजी शेडग्यांनी खुर्ची पुढे केली. "बसा साहेब. बायपासच्या वेळी डॉक्टरांनी तुम्हाला शरीर रिकामं करायला लावलं होतं का?"

साखळकरांना हसू आलं, पण हार मानवेना. "अहो, मला भूल दिली होती. इथे दिवसभर हातोडे चालणार. तो आवाज तुम्हाला सोसेल?"

शेडग्यांनी कानामागे हात धरून प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाले, "आमची भूल तोफेनंच देऊन ठेवलीय."

साखळकरांनी हुकूम मागे घेतला आणि कोणालाही न हलवता काम सुरू झालं. तिसऱ्या दिवशी हातोड्यांच्या दणदणाटात शेडगे साखळकरांच्या कानाशी वाकले. "काय साहेब, कामाला मुहूर्त कधीचा?"