घाटाच्या तोंडाशी थांबलेली जीप

घाटमाथ्यावरच्या एका गावात हैबती नावाचा जीपवाला राहत होता. गावात जीप तेवढी एकच. घाट उतरावा तर हैबतीने, असे लोक म्हणत. वळणावर तो हॉर्न वाजवी, पण वेग कमी करीत नसे. घाट म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असे त्याला वाटे.

एके सकाळी गाडी काढताना त्याने ब्रेकवर पाय ठेवला, तर पायडल चिखलात रुतावे तसे आत गेले. तो उतरून वाकला. मागच्या चाकाच्या आतल्या अंगाने तेल ओघळत होते. ब्रेकची नळी पाझरत होती. त्याने डबीतले तेल भरून पुन्हा दाबून पाहिले. ब्रेक लागला, पण मऊ. मिस्त्रीला निरोप धाडायचा आणि तोवर गाडी हलवायची नाही, असे त्याने ठरवले.

एवढ्यात शेजारची ठकूकाकू धापा टाकत आली. तिची सून सुगंधा अडली होती. मूल आडवे होते. दवाखान्याची गाडी निघाली होती, पण ती पायथ्यापर्यंतच येणार होती. वरचा कच्चा रस्ता तिला चढता येत नसे.

हैबतीने चाकाखाली ओघळलेल्या तेलाकडे पाहिले. खरे सांगावे, तर घाटाच्या राजाचे हसे होणार. न सांगावे, तर कळणार तरी कोणाला?

“काकू,” तो शेवटी म्हणाला, “ब्रेकचं तेल गळतंय. सपाटीवरनं हळूहळू नेतो. घाटात गाडी घालणार नाही. घोंगडी आणि जाड वासा संगं घ्या.”

जीप निघाली. हैबतीने पहिला गिअर सोडला नाही. हँडब्रेकवरचा हात काढला नाही. एरवी धुरळा उडवत जाणारी गाडी बैलाच्या चालीने चालली होती. मागून येणाऱ्या सायकलवाल्यांनाही तो पुढे जाऊ देत होता. सुगंधा कण्हली, की त्याचा पाय वेग वाढवायला शिवशिवे. तो दात आवळून धरी.

घाटाच्या तोंडाशी, उताराच्या अलीकडेच त्याने गाडी थांबवली आणि चाकाला दगड लावला.

सुगंधाचा नवरा रावजी खवळला. “अरे, आतापर्यंत तर ब्रेक लागला! डोळे झाकून उतरतोस हा घाट. आज माझ्या बायकोच्या वेळेला भ्यालास?”

“भ्यालो,” हैबती म्हणाला. “माझं नाव गेलं तर जाऊ दे, रावजी. ही दरीत गेली, तर कुठून आणू?”

त्याने घोंगडीची झोळी वाशाला बांधली आणि पुढचा खांदा स्वतः दिला.

ठकूकाकूने कड्यावर उभे राहून हाक घातली, “या गं बायांनोऽ! या रं बाबांनोऽ! लेक अडलीय!”

हाक समोरच्या डोंगरावर आदळली आणि खोऱ्यात उतरत गेली. मग खालच्या वाडीतून उत्तर आले, पलीकडच्या वाडीतून आले, झाडीतून आले. पायवाटांवर माणसे दिसू लागली. कोणी नांगर सोडून आले होते, कोणी कणकेचे हात तसेच घेऊन. प्रत्येक वळणावर नवा खांदा उभा होता. कोणी कोणाचे नाव विचारले नाही. झोळी या खांद्यावरून त्या खांद्यावर जात राहिली, ओढ्याच्या पाण्यावरून पान वाहत जावे तशी.

हैबती चालत होता आणि पाहत होता. रोज मागे टाकलेली ती वळणे त्याने कधी नीट पाहिलीच नव्हती. रस्त्याच्या कडेपासून वीतभर अंतरावर जमीन संपत होती. खाली, फार खाली, घारी फिरत होत्या. त्यांच्या पाठी त्याला वरून दिसत होत्या. इथून आपण माणसे भरून वेगाने जात होतो! आणि इतकी माणसे या डोंगरात राहतात, हेही आपल्याला ठाऊक नव्हते!

पायथ्याशी थांबलेल्या गाडीतून सुगंधा वेळेत दवाखान्यात पोचली. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री वर आला. रावजीही सोबत होता. जीप दगड लावून उभीच होती. मिस्त्रीने आत बसून ब्रेक करकचून दाबला, उतारावर दाबावा लागतो तसा. खाली फट्‌ असा आवाज झाला. गंजलेली नळी फाटली, तेलाची चिळकांडी मातीवर उडाली आणि पायडल थेट फळीला टेकले.

रावजीने खाली वाकून चाकाखालचा दगड आणखी घट्ट बसवला. दरीतून वारा वर येत होता. हैबतीने त्या खोल, निळ्या पोकळीकडे पाहिले आणि हात जोडले.

तात्पर्य: गाडीतला दोष लपवून धाडस दाखवणारा सोबतच्यांचा जीव पणाला लावतो. दोष उघड सांगून वेळीच थांबणाऱ्याला मात्र डोंगरातही खांदे मिळतात.