शेवटी उतरणारा

जिथे शेवटचे शेत संपते आणि वाळू सुरू होते, अशा एका गावात खीमजी नावाचा एक कापडव्यापारी राहत होता. माणूस वाईट नव्हता. पण उलटी बाजू पाहिल्याशिवाय तो कोणताही तागा घेत नसे, आणि पुढे पुढे माणसांच्या बाबतीतही त्याला तीच खोड लागली. कोणी हसून बोलले की हा का हसला, आणि कोणी गप्प बसले की हा काय लपवतो, हेच त्याच्या मनात आधी येई.

या खीमजीला दोन जिवलग मित्र होते. रणमल उंट पाळत असे. देवशी पाथरवट होता. तिघे एकाच गल्लीत वाढलेले. दर हिवाळ्यात, ऊन सोसण्याजोगे झाले की, तिघे उंटांवर पाणी आणि भाकरी लादून वाळवंटातल्या लाल डोंगराकडे जात. त्या डोंगराच्या पोटात एक खोल घळ होती. कधी काळी वाहून गेलेल्या पाण्याने ती दगडात चिरत नेली होती. घळ इतकी अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटे टेकत. आत वारा नसे, पाखरू नसे. दुपारी सूर्य डोक्यावर आला की थोडा वेळ ऊन पार तळापर्यंत उतरे आणि भिंती निखाऱ्यासारख्या उजळत. तेवढे पाहायला ते जात. दुसरे काही काम नसे.

घळीत उतरायचे म्हणजे वाटेत कडे लागत. प्रत्येक कड्यावर दोर एखाद्या भक्कम दगडामागून घ्यायचा, दोन्ही टोके खाली सोडायची आणि दोन्ही पदर एकत्र धरून उतरायचे. शेवटचा माणूस खाली आला की एक टोक ओढायचे. मग सगळा दोर खाली पडे आणि पुढच्या कड्याला उपयोगी येई. मात्र एकदा दोर ओढला की मागची वाट बंद. मग पुढेच जायचे, खालच्या तोंडातून बाहेर पडायचे आणि डोंगराला वळसा घालून उंटांपाशी यायचे. रणमल नेहमी पहिला उतरे, खीमजी मधला, देवशी शेवटचा. कित्येक वर्षे हाच क्रम होता.

त्या वर्षी निघण्याच्या आदल्या दिवशी शेजारचा तेली खीमजीच्या दुकानात येऊन बसला. गप्पांच्या ओघात तो सहज म्हणाला, “शेटजी, तिघांची मैत्री म्हणजे दोघांची मैत्री आणि तिसऱ्याची सोबत.” तेली उठून गेला, पण बोल मागे राहिला. यातला तिसरा कोण, हे खीमजी रात्रभर स्वतःलाच विचारत राहिला.

दुसऱ्या दिवशी वाटेत त्याला जे दिसले ते सारे त्याच बोलाला पुष्टी देणारे होते. देवशीने उजवा हात पासोडीतून एकदाही बाहेर काढला नाही. पाण्याची पखाल उचलायची वेळ आली की तो दुसरीकडे पाही आणि रणमल पुढे होई. जेवताना तो दोघांकडे पाठ करून बसला. एकदा खीमजी सरपण गोळा करून परतला, तेव्हा दोघे डोक्याला डोके लावून हळू आवाजात बोलत होते. त्याच्या पावलांची चाहूल लागताच ते गप्प झाले.

“काय चाललंय?” खीमजीने विचारले.

“काही नाही. हवेचं बोलत होतो,” रणमल म्हणाला.

खीमजी हसला आणि त्याने सरपण खाली टाकले. हवेचे बोलायला आवाज कशाला उतरवावा लागतो, हे मात्र त्याने विचारले नाही.

घळीच्या तोंडाशी पोचल्यावर रणमलने दोर खांद्यावरून उतरवला आणि म्हणाला, “खीमा, यंदा तू शेवटी उतर. देवशी मध्ये राहील.”

खीमजीने विचारले, “का बरं?”

“असंच. बदल म्हणून.” आणि रणमलने देवशीकडे पाहिले. देवशीने नजर खाली वळवली.

त्या एका नजरेने खीमजीचा हिशेब पूर्ण झाला. शेवटचा माणूस वर उभा असतो आणि दोराची टोके खालच्या दोघांच्या हाती असतात. घळीत आत गेल्यावर एखाद्या कड्यावर त्यांनी टोक ओढले की संपले. मागची वाट बंद, पुढची वाट बंद, हाक मारली तर ऐकायला दगड. पण हे आपल्याला का मारतील? त्याने कारण शोधले आणि ते लगेच सापडले. मागे एकदा तो रणमलला उंटांवरून चारचौघांत टोचून बोलला होता. देवशीच्या भावाशी त्याचे एकदा वाजले होते. शंकेला कारण लागतेच कितीसे?

उतरण्याआधी घळीत कुठे जनावर तर शिरले नाही, हे पाहायला रणमल आणि देवशी जरा पुढे गेले. दोर खीमजीपाशीच राहिला. त्याच्याजवळ खजूर चिरायचा चाकू होता. इकडेतिकडे पाहून त्याने दोराचा एका टोकाकडचा चांगला दोन माणसांच्या उंचीएवढा तुकडा कापला. हे सोडून गेले तर निदान एखादा लहान कडा आपला आपण उतरता यावा, एवढाच त्याचा हेतू. इतका लांब दोर, त्यातला थोडा गेला तर कोणाला कळणार? ताजा काप दिसू नये म्हणून त्याने दोराचे टोक वाळूत चोळून मळवले. तुकडा अंगरख्याखाली कमरेला गुंडाळला. मित्र परत आले तेव्हा तो खजूर खात बसला होता. त्याने दोघांनाही एकेक दिला.

पहिला कडा लहान होता. रणमल उतरला. देवशी भिंतींना पाठ आणि पाय रेटत, रणमलच्या खांद्यावर पाय देत उतरला. आता खीमजीची पाळी. तो वरून ओरडला, “दोघं मागे सरका. हात दिसतील असे उभे राहा.”

“हात कशाला?” रणमलने विचारले.

“उगीच. दोर अंगावर पडेल म्हणून.”

तो घाईघाईने उतरला. दोन्ही गुडघे सोलवटले. कोणी दोर ओढला नाही. दुसऱ्या कोणाची शंका इथेच फिटली असती. खीमजी मात्र मनाशी म्हणाला, ‘लहान कड्यावर कोण दगा देतो? खरी जागा पुढे आहे.’

पुढे आंधळा कडा होता. तिथे भिंती एकमेकींकडे इतक्या वाकल्या होत्या की वरून तळ दिसत नसे. तळाशी फुटलेले, टोकदार दगड पसरले होते. दोराच्या बरोबर मध्यावर निळा धागा गुंफलेला होता. तो धागा दगडामागे आला म्हणजे दोन्ही पदर सारखे लोंबतात, हे तिघांनाही माहीत होते. रणमलने धागा दगडामागे नीट बसवला, दोन्ही पदर मुठीत धरले आणि तो दिसेनासा झाला.

थोडा वेळ दोर शांतपणे ताणलेला राहिला. मग एकदम त्याचा एक पदर सैल झाला आणि दगडामागून सरसरत पळू लागला. खालून घसरण्याचा, दगड कोसळण्याचा आवाज आला. देवशीने झेप घालून दोर पकडला, पण दोर त्याच्या मुठीतून तसाच निसटत राहिला. मग तो आपोआप थांबला.

“रणमल!” देवशीने हाक दिली.

खालून उत्तर आले ते धापा टाकत. “एक पदर मध्येच संपला. मी भिंतींत पाठ आणि पाय रेटून अडकलोय. खाली दगड आहेत. फार वेळ नाही धरवणार.”

“संपला कसा? गेल्या साली तर पुरला होता,” देवशी पुटपुटला.

खीमजी जागचा हलला नाही. आपण काय करून बसलो, हे त्याला कळले होते. पण शंका एवढ्याने मरत नाही. ती त्याच्या कानाशी म्हणाली, ‘यांना तुकड्याचं कळलंय. तो बाहेर काढायला लावण्यासाठी हे नाटक आहे. तू तो दिलास की तुझ्याकडे काही उरलं नाही.’ अंगरख्याखालचा दोर त्याला टोचत होता. तो देवशीच्या तोंडाकडे निरखून पाहू लागला, की यात कुठे खोट दिसते का.

देवशी गुडघ्यांवर बसून दोर वर ओढू पाहत होता. त्याच्या खांद्यावरची पासोडी गळून पडली होती. त्याच्या उजव्या तळव्यावर आडवा, सुजलेला व्रण होता आणि बोटे अर्धवटच मिटत होती. दोर त्यांतून पुन्हा पुन्हा निसटत होता.

“हे काय झालं हाताला?” खीमजीच्या तोंडून निघून गेले.

“खाणीत दगडाखाली आला. मूठ वळत नाही आता.” देवशी ओढतच राहिला. “गावात कळलं तर मला काम कोण देणार? तुझ्या दुकानात सारं गाव बसतं, म्हणून तुला सांगू नको असं मीच रणमलला म्हटलं. इथे आल्यावर सांगणार होतो. या कड्यावरून मला बांधून खाली सोडायचं होतं. मला धरायला रणमल खाली हवा. मग वर कोण? तू. म्हणून तुला शेवटी ठेवलं.”

खीमजी ऐकत होता. ज्या जागी आपल्याला मारणार असे त्याला वाटले होते, त्या जागी त्याच्या मित्राने आपला जीव त्याच्या हाती ठेवायचे ठरवले होते.

खालून रणमलचा आवाज आला. “देवा, पाय थरथरताहेत.”

“एक टोक दगडाला बांधून दोर एकेरी सोडू या,” देवशी म्हणाला. “दोर इथेच अडकेल आणि पुढचा कडा तसाच राहील. पण निदान हा तरी वाचेल.”

खीमजीला वाटले, हेच करावे. रणमल वाचेल आणि आपली चोरी झाकून राहील. पुढच्या कड्याचे पुढे बघता येईल. तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने अंगरख्याचे बंद सोडले आणि कमरेचा तुकडा उलगडायला सुरुवात केली. एकेक वेढा सुटत होता आणि देवशी पाहत होता. त्याने शिव्या दिल्या असत्या तर खीमजीला बरे वाटले असते.

त्याने तोकडा पदर वर ओढून घेतला, तुकडा जोडला, पाय रोवून गाठ आवळली आणि सगळा भार टाकून पुन्हा ओढून पाहिली. दोन्ही पदर खाली सोडून तो ओरडला, “घे, रणमल. आता पुरेल.”

दोर ताणला गेला. कितीतरी वेळाने तळावरून हाक आली, “पोचलो.”

मग खीमजीने देवशीच्या काखेखालून दोर बांधला, दगडाला वेढा घेतला आणि त्याला वितीवितीने खाली सोडले. दोराने त्याचे तळवे सोलून काढले, पण त्याने हात ढिला केला नाही. शेवटी दोर पुन्हा दगडामागून दुहेरी सोडून तो एकटा वर राहिला. खालच्या दोघांच्या हाती आता दोराची टोके होती आणि त्यांना राग यायला खरेखुरे कारणही होते. खीमजीने कोणालाही मागे सरकायला सांगितले नाही. दोन्ही पदर धरून तो उतरला.

खाली रणमल बसला होता. त्याची पाठ रक्ताने माखली होती. हातात दोराचे ते टोक घेऊन तो गाठीशेजारचा सरळ काप पाहत होता.

“कापलास?”

“हो.”

“का?”

“तुम्ही मला वर सोडून जाल असं वाटलं.”

रणमलने टोक खाली ठेवले. मग म्हणाला, “विचारायचं होतंस.”

“आपणही लपवलंच की,” देवशी हळूच म्हणाला.

त्या दिवशी ऊन तळापर्यंत कधी आले आणि कधी गेले, हे तिघांपैकी कोणी पाहिले नाही.

मैत्री तुटली नाही. देवशीच्या हाताची गोष्ट खीमजीने दुकानात कधी काढली नाही. उलट कुंपणाचे, उंबऱ्याचे काम निघाले की तो देवशीचेच नाव सुचवी, आणि देवशी हाताखाली माणूस ठेवून ते पुरे करी. पुढच्या हिवाळ्यात तिघे पुन्हा लाल डोंगराकडे गेले. घळीच्या तोंडाशी रणमलने नवा दोर काढला. खीमजीला वाटले, आता तो खाली सोडेल. पण रणमल बसला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारा दोर हाताने मोजू लागला. इतक्या वर्षांत त्याने असे कधी केले नव्हते. मोजताना तो खीमजीकडे पाहतही नव्हता.

खीमजी मान खाली घालून मोजणे संपेपर्यंत समोर उभा राहिला. आता आपल्याला किती हिवाळे असेच उभे राहायचे आहे, ते त्याला ठाऊक नव्हते.

तात्पर्य: मित्राविषयी शंका आली तर ती तोंडाने विचारावी; न विचारता आपल्यापुरती गुपचूप सोय केली, तर खोटी शंका विरून जाते आणि खरा अविश्वास मागे उरतो.