देवरामाची हाक

फार वर्षांपूर्वी करंजवाडीत देवराम नावाचा चितारी होऊन गेला, असं म्हणतात. खरं तर तीनच वर्षं झालीत. पण वाडी असंच सांगते, म्हणून मीही तसंच सांगतो. मी त्याचा धाकटा भाऊ.

देवराम शहरातल्या चित्रशाळेत पाच वर्षं शिकला. मी चौथीतून गुरांमागे गेलो. तो परत आला आणि ब्रश डोळ्यासमोर उभा धरून अंगठ्यानं डोंगर मोजायला लागला. वाडीतले जुने मध काढणारे कोंडाजीमामा त्याला हसायचे. "माप कसलं घेतोस रे? डोंगराला सदरा शिवणार काय?" सगळी वाडी हसायची, आणि तरी त्याच्याच मागे फिरायची. मला कोण विचारतंय!

पाठीला रंगांची पेटी बांधून तो सुळके चढायचा. त्याचा पाय कधी घसरला नाही, असं म्हणतात. त्यानं ढग काढायला घेतला की ढग तेवढा वेळ जागेवर थांबायचा, असंही म्हणतात. मला आठवतं ते एवढंच, की तो दिवस दिवस दरीकडे बघायचा. मला त्या दरीचा हेवा वाटायचा.

मग त्याला आग्याकड्याच्या पोटात बसून चित्र काढायचं होतं. तिथे आग्यामाश्यांची मोहोळं लटकतात. आमच्याकडे मध काढायला उतरणाऱ्याचा दोर त्याचा मेहुणा धरतो, कारण त्याला बहिणीचं कुंकू जपायचं असतं. सख्ख्या भावाच्या हातात दोर कधी देत नाहीत. भावाच्या मनात काय असेल, कोण सांगणार? देवरामाचं तर लग्नच झालं नव्हतं.

"मी धरतो," मामा म्हणाले.

"बारक्या असताना तुम्ही कशाला?" म्हणत देवरामानं दोर माझ्या हातात दिला. मामा रागानं निघून गेले.

तो कपारीवर उतरला आणि कमरेचा दोर सोडून बसला. उन्हं कलली तेव्हा खालून हाक आली. "बारक्या, आधी चित्र ओढ! ओलं आहे, घासू नको!"

रीत तशीच होती. आधी मध वर येतो, मग माणूस. मी चित्र ओढलं, पण त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओलं होतं तसंच गवतावर पालथं घातलं. दोर पायाशी टाकला आणि बसलो. म्हटलं, आता जरा तूही वाट बघ.

"बारक्या, दोर!"

मी बसून राहिलो.

"बारक्या, दोर सोड!" या हाकेत माश्यांचं घोंघावणं मिसळलं होतं. मी धावलो, दोर खाली सोडला. तो हलकाच राहिला.

दरीत काही सापडलं नाही. माश्यांनी त्याला उचलून नेलं, असं म्हणतात. संध्याकाळी त्या कपारीवर एक निळा रंग उमटतो, तो आधी कधी कुणी पाहिला नव्हता, असं म्हणतात.

मी चित्र सुलटं केलं. रंगात गवत रुतलं होतं. दरी त्यात नव्हतीच. दरीकडे पाठ करून, वर बघून त्यानं ते काढलं होतं. कडा, दोर, आणि दोराच्या टोकाशी वाकलेला मी. अंगठ्यानं नीट मोजलेला.

मी वाडीसमोर सगळं सांगितलं. कुणी मारलं नाही. चित्र आता देवळात टांगलंय. बाया त्याला हळद वाहतात आणि 'आमचा देवराम' म्हणतात. आमचा! माझ्या पोटात अजून दुखतं.

चैत्रात मध काढायला उतरतात. दोर अजूनही मेहुणाच धरतो. पण आता आधी माणूस वर घेतात, मध मागून, वेगळ्या दोरानं. त्याआधी कड्यावरून हाक घालतात, "आधी तू ये!" तिला देवरामाची हाक म्हणतात. ती घालायचं काम वाडीनं मला दिलंय. माणूस वर आला तरी मी दरीत आणखी एकदा हाक घालतो. तेवढा वेळ कुणी दोर गुंडाळत नाही.