राखाडी कागद

फार पूर्वी जपानच्या राजदरबारात मोरिचिका नावाचा अधिकारी होता. दरबाराचे हुकूम लिहून झाले की तो हात धुऊन बुद्धाची सूत्रं सुंदर अक्षरात उतरवायला बसे.

एकदा त्याच्या मेजावर दोन कागद शेजारी आले. एक दुधासारखा पांढरा, दुसरा राखाडी.

"तू इथे कसा?" पांढरा म्हणाला. "उद्या सूत्र लिहायचंय. ते काय मळक्या कागदावर लिहितात?"

"मी मळका नाही," राखाडी म्हणाला. "जुनी पत्रं भिजवून, कुटून मला केलंय. त्यांची शाई काही केल्या गेली नाही."

"म्हणजे रद्दीच की."

सकाळी मोरिचिका आला. तबेल्यात कुत्री शिरू देऊ नयेत, असा हुकूम त्याने पांढऱ्या कागदावर लिहिला आणि तो बाजूला सारला. मग हात धुतले आणि राखाडी कागद कुरवाळत तो हसला.

"आई, तू गेलीस, पण तुझी पत्रं मी टाकली नाहीत," तो म्हणाला. "वेळेवर जेवत जा, एवढंच लिहायला तुला वाटीभर शाई लागायची. बघ, अजून उतरत नाही."

आणि आईच्या शाईवर त्याने सूत्र लिहायला घेतलं. एरवी गंभीर असणारी त्याची अक्षरं आज बागडत होती.

पांढरा कागद बाजूला पडून ते पाहत होता. मग हळूच म्हणाला, "मलाही कुणीतरी भिजवून कुटा रे. पुढच्या जन्मी एखाद्या आईच्या हाती पडेन."