पाठीवरचं नाव

करंजगाव फुटबॉल क्लबानं गोल केला की अर्धं मैदान नाचायचं आणि अर्धं मैदान शेंगा सोलत बसायचं!

क्लब जेमतेम वर्षाचा, आणि गावातलं भांडण पणजोबांच्या वेळचं. गोल वरच्या पेठेच्या पोरानं मारला की खालची पेठ तोंड फिरवायची, खालच्या पेठेच्या पोरानं मारला की वरची. क्लबाचे मालक दौलतराव सरकार. जहागिरी गेली तरी हट्ट शाबूत! एके दिवशी त्यांनी सगळ्यांना मैदानावर बोलावलं आणि टेबलावर भलंमोठं कुलूप आपटलं.

"रविवारी शेजारच्या सांगावशी सामना आहे. आपला गोल झाला की दोन्ही पेठा उठून ओरडल्या पाहिजेत! कुणाला समजवायचं नाही, दमडी वाटायची नाही, खेळाडू बदलायचा नाही. नाही जमलं तर सोमवारी क्लबाला हे कुलूप!"

प्रशिक्षकांनी कपाळाला हात लावला. "सरकार, त्यापेक्षा सूर्याला पश्चिमेला उगवायला सांगा," मॅनेजर पुटपुटले.

संघाचे शर्ट शिवणारी सुगंधा मगदूम मात्र पुढे सरकली. तिचा हंबीर याच संघात पुढे खेळायचा. क्लब बंद झाला तर पोरगा पुन्हा बाजारात गुळाच्या ढेपा उचलायला जाणार! त्याहून तिच्या मनाला लागायचं ते वेगळंच. तिचं सासर खालच्या पेठेत, माहेर वरच्या, आणि हंबीरनं गोल मारला की तिचा सख्खा भाऊ शिदू मुळीकही पाठ करून बसायचा.

"सरकार, शर्टास्नी हात लावलेला चालंल न्हवं?" तिनं विचारलं.

"शर्टानं काय होणार? हवं तर झालर लाव!"

"झालर न्हाई लावत. पर मागनं तक्रार करायची न्हाई हां!"

रविवारी पोरं मैदानात उतरली आणि दोन्ही पेठा माना उंचावून बघू लागल्या. हंबीर मगदूमच्या पाठीवर ठळक अक्षरांत शिवलं होतं – मुळीक! गोलकीपर खाडेच्या पाठीवर सासने! प्रत्येकाच्या पाठीवर बापाच्या आडनावाच्या जागी आईच्या माहेरचं आडनाव. आणि करंजगावात भांडण कितीही असो, सोयरिकी व्हायच्या त्या समोरच्याच पेठेत!

"ह्यो मुळीक कोण रं?" वरच्या पेठेत कुजबुज झाली.

"कोण म्हंजे? शिदूचा भाचा!"

"मंग पेठंचाच भाचा की, मर्दा!"

आता भाच्याला पाठ कशी दाखवायची? लग्नात त्याच्या पाठीशी उभा राहतो तो मामाच ना!

इतक्यात हंबीरनं दोघांना चकवून चेंडू जाळ्यात धाडला. खालची पेठ उठलीच, पण वरच्या पेठेतून सगळ्यांत आधी उडाला तो शिदू! टोपी हवेत भिरकावून तो ओरडला, "माझ्या भाच्यानं मारला!" त्याच्यामागून सगळी पेठ उठली. सुगंधाला रडूच फुटलं.

सामना संपताच सरकारांनी तिला बोलावलं. "तू लोकांना समजावलंस! अट मोडलीस!"

"न्हाई सरकार! म्या तोंड उघडलंच न्हाई. नुसती सुई चालवली."

सरकारांच्या मिशा हलल्या. "बरं! मग आमच्यासाठीही एक शर्ट शीव. पाठीवर आमच्या मातोश्रींचं माहेर!"

सुगंधानं जीभ चावली. "नगं सरकार! तुमचं आजोळ सांगावचं. पुढल्या खेपंला त्यांचा गोल झाला की तुमालाच उठून वराडाय लागंल!"

सरकार असे खदाखदा हसले की खुर्ची कुरकुरली. त्यांनी मैदानालगतचा गाळा तिथल्या तिथे सुगंधाच्या शिवणकामाला देऊन टाकला, आणि सोमवारसाठी आणलेलं ते कुलूप, किल्लीसकट, त्याच गाळ्याच्या दाराला लावायला तिच्या हातात ठेवलं!